ग्रिम बंधू

हिमगौरी आणि सात बुटके, लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा, शापामुळे बेडूक झालेला राजपुत्र, घनदाट रानात भाकरीच्या घरात राहणारी चेटकीण, या गोष्टी ज्याच्या कानांवर पडल्या नाहीत असे मूल आज विरळाच आढळेल. आपण त्या मराठीत ऐकतो, जपानातील मुले जपानी भाषेत ऐकतात आणि इजिप्तमधील मुले अरबी भाषेत ऐकतात. शंभरांहून अधिक भाषांत त्यांची भाषांतरे झाली आहेत. या गोष्टी मुळात कोणी रचल्या हे कोणालाही सांगता येणार नाही. पण त्या काळाच्या उदरात गडप होऊ नयेत म्हणून कोणी कष्ट वेचले हे मात्र निश्चितपणे ठाऊक आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील दोन भावांनी हे कार्य केले. त्यांपैकी थोरले याकोब ग्रिम यांचे हे चरित्र आहे. परंतु थोरल्याची कथा सांगताना धाकट्या विल्हेल्मला वगळता येत नाही. दोघांची आयुष्ये दुपेडी दोरासारखी एकमेकांत गुंफलेली होती.

याकोबचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजी हानाऊ या गावी झाला. विल्हेल्म त्याच्याहून तेरा महिन्यांनी लहान. त्या काळी आजच्यासारखे एकसंध जर्मन राष्ट्र अस्तित्वात नव्हते. जर्मन बोलणारा सारा प्रदेश लहानमोठ्या अनेक राज्यांत विभागलेला होता आणि त्यांपैकी हेसेन या राज्यात हानाऊ मोडत असे. वडील फिलिप ग्रिम हे कायद्याचे जाणकार होते. १७९१ साली त्यांची नेमणूक श्टाइनाऊ या गावी अंमलदार व न्यायाधिकारी म्हणून झाली. राहावयास मोठे दगडी सरकारी घर मिळाले. पाच भाऊ आणि एक बहीण अशी ही सहा भावंडे तेथे सुखात वाढू लागली. याकोब आणि विल्हेल्म रानावनांतून हिंडत, फुले व कीटक गोळा करीत आणि घरी आणून त्यांची चित्रे काढीत. विखुरलेले गोळा करावे, नीट निरखावे आणि जपून ठेवावे, ही सवय त्यांना लहानपणीच जडली.

पण हे सुख फार दिवस टिकले नाही. जानेवारी १७९६ मध्ये वडील फुप्फुसाच्या विकाराने वारले. याकोब त्या वेळी नुकताच अकरा वर्षांचा झाला होता. सरकारी घर सोडावे लागले, मिळकत आटली आणि सहा मुलांचा संसार एकट्या आईच्या शिरावर येऊन पडला. ज्या वयात मुले खेळण्याबागडण्यात दंग असतात, त्या वयात याकोबवर वडील भावाची जबाबदारी आली. सुदैवाने मुलांची मावशी कासेल येथे राजवाड्यात राणीच्या सेवेस होती. तिने दोघा भाच्यांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि १७९८ साली त्यांना कासेलच्या शाळेत बोलावून घेतले.

कासेलमध्ये दोघे भाऊ एकाच खोलीत राहत, एकाच टेबलावर अभ्यास करीत आणि एकाच बिछान्यावर झोपत. आपण दुसऱ्याच्या पैशाने शिकत आहोत, याची जाणीव त्यांना क्षणभरही विसरता येत नसे. त्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला. मात्र या अतिश्रमाने विल्हेल्मची प्रकृती ढासळली. दम्याने व हृदयविकाराने त्याला जे गाठले, ते आयुष्यभर सोडले नाही.

१८०२ साली याकोब मारबुर्ग विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी गेला. वर्षभराने विल्हेल्म त्याच्यामागोमाग आला. कायद्याचे शिक्षण त्या राज्यात वरच्या दर्जाच्या घराण्यांतील मुलांसाठी राखून ठेवलेले होते. त्यामुळे या भावांना प्रवेशासाठी सरकारची खास परवानगी मागावी लागली. श्रीमंतांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत आणि गरज असलेले हे दोघे मात्र कोरडेच राहत. पण तेथेच त्यांना साविन्यी नावाचे तरुण व विद्वान अध्यापक लाभले. कायदा हा आकाशातून पडत नाही. तो लोकांच्या भाषेतून, चालीरीतींतून आणि इतिहासातून हळूहळू घडत जातो, अशी साविन्यींची शिकवण होती. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह या भावांना मोकळा करून दिला. तेथे जुन्या जर्मन कवींचे काव्य याकोबच्या हाती पडले आणि त्याच्या आयुष्याला निराळीच दिशा मिळाली. लोकांची जुनी भाषा आणि जुन्या कथा हाच त्याच्या ध्यासाचा विषय झाला.

१८०५ साली साविन्यींना ग्रंथलेखनात मदत करण्यासाठी याकोब काही महिने पॅरिसला गेला. दोघा भावांची ती पहिली मोठी ताटातूट होती आणि ती दोघांनाही असह्य झाली. याकोबने पॅरिसहून पत्र लिहून धाकट्याला कळविले की, पुन्हा कधीही एकमेकांपासून वेगळे व्हावयाचे नाही. वीस वर्षांच्या तरुणाने दिलेला हा शब्द पुढे किती कसोट्यांना उतरला, ते आपणांस दिसून येईल.

लवकरच सारा प्रदेश युद्धाच्या वणव्यात सापडला. नेपोलियनच्या सैन्याने १८०६ साली हेसेन जिंकून घेतले आणि कासेल ही नेपोलियनच्या धाकट्या भावाच्या नव्या राज्याची राजधानी झाली. १८०८ च्या मे महिन्यात आईनेही जगाचा निरोप घेतला. तेविसाव्या वर्षी याकोब कुटुंबप्रमुख झाले. पाठच्या पाच भावंडांचे पोट भरण्यासाठी त्यांनी त्या परक्या राजाच्या खासगी ग्रंथालयात ग्रंथपालाची नोकरी पत्करली. विल्हेल्मच्या उपचारांचा मोठा खर्चही त्यांनीच सोसला. तंगीच्या दिवसांत या कुटुंबाने एकाच वेळच्या जेवणावर दिवस काढले. पण ग्रंथालयातील काम हलके होते आणि उरलेला सारा वेळ अभ्यासाला देता येत होता. दरबारी भाषा फ्रेंच, कायदे फ्रेंच, अंमलदारही फ्रेंच, अशा काळात आपल्या लोकांची भाषा आणि त्यांच्या कथा जपणे हे याकोब यांना आपले कर्तव्य वाटू लागले.

त्या सुमारास ब्रेंटानो आणि आर्निम या दोन कविमित्रांनी जर्मन लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. ग्रिम बंधूंनी त्या कामी त्यांना मदत केली. गीतांनंतर ब्रेंटानो यांना लोककथांचे पुस्तक काढावयाचे होते. त्यांच्या सांगण्यावरून हे भाऊ कथा गोळा करू लागले आणि १८१० साली त्यांनी आपल्या जमवलेल्या कथांचे हस्तलिखित ब्रेंटानो यांच्याकडे पाठवून दिले. पाठवण्यापूर्वी त्यांनी त्याची एक नक्कल करून ठेवली होती. हे शहाणपण पुढे फार उपयोगी पडले. ब्रेंटानो यांनी त्या कथा वापरल्याही नाहीत आणि हस्तलिखित परतही केले नाही. तो कागदांचा गठ्ठा शंभरांहून अधिक वर्षांनी एका मठात सापडला! ब्रेंटानो यांचे मित्र आर्निम मात्र १८१२ च्या आरंभी कासेलला आले. त्यांनी कथांचा संग्रह वाचला आणि आता कोणाची वाट पाहू नका, पुस्तक छापा, असा आग्रह धरला. बर्लिनमधील प्रकाशकही त्यांनीच मिळवून दिला.

या कथा त्यांना कशा मिळाल्या? काठी टेकीत खेडोपाडी हिंडून, शेतकऱ्यांच्या झोपड्यांत बसून त्यांनी त्या टिपून घेतल्या, असा समज पुष्कळ दिवस प्रचलित होता. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. बहुतेक कथा त्यांना कासेलमध्ये, ओळखीच्या घरांतून मिळाल्या. शेजारी विल्ड नावाचे औषधविक्रेते राहत असत. त्यांच्या मुलींना गोष्टींचे वेड होते आणि त्यांपैकी डोर्टशेन ही विशेष रंगून गोष्टी सांगे. पुढे १८२५ साली विल्हेल्म यांचा तिच्याशी विवाह झाला. हासेनफ्लुग कुटुंबातील सुशिक्षित बहिणींनीही कितीतरी कथा सांगितल्या. त्या घराण्यात फ्रेंच वळण होते आणि म्हणून ग्रिम बंधूंच्या काही कथांचे मूळ फ्रान्समध्येही आढळते. गोष्टींना देशांच्या सीमा ठाऊक नसतात.

कथा सांगणाऱ्यांत एक वृद्ध शिपाई होता. क्राउझ त्याचे नाव. सैन्यातून निवृत्त झाल्यावर तो अत्यंत दारिद्र्यात दिवस कंठीत होता. ग्रिम बंधूंकडून अंगावर घालण्यास जुन्या विजारी मिळाव्यात, त्याबदली आपण गोष्टी सांगाव्यात, असा त्याचा व्यवहार होता. धन्याने टाकून दिलेल्या म्हाताऱ्या इमानी कुत्र्याची कथा त्यानेच सांगितली. ज्याच्या उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या चाकरीत गेली, त्या म्हाताऱ्याला हीच कथा आठवावी, यात नवल नाही.

परंतु सर्वांत मोठे ऋण होते ते डोरोथेआ फीमान या बाईंचे. कासेलजवळच्या खेड्यातील एका शिंप्याची ही पत्नी. तिचे वडील वाटेवरची खाणावळ चालवीत असत. तेथे उतरणाऱ्या गाडीवानांच्या, शिपायांच्या आणि कारागिरांच्या तोंडून लहानपणी ऐकलेल्या गोष्टी तिच्या स्मरणात पक्क्या बसल्या होत्या. मळ्यातला माल विकण्यासाठी ती कासेलला येई आणि बाजार आटोपला की ग्रिम बंधूंच्या घरी बसून गोष्टी सांगे. प्रथम ती नेहमीच्या वेगाने सांगे. मग लिहून घेणाऱ्यांसाठी तीच गोष्ट सावकाश, जशीच्या तशी पुन्हा सांगे. एखादा शब्द चुकलाच, तर मध्येच थांबून आपणच तो दुरुस्त करी. शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या या बाईची शब्दांवरील निष्ठा पाहून विद्वान भाऊ थक्क झाले. १८१५ साली ती वारली. पुढच्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिचे चित्र छापले. ते चित्र त्यांचा चित्रकार भाऊ लुडविग याने काढले होते. अशा रीतीने कथासंग्रहात एका गरीब शिंप्याच्या पत्नीला मानाचे स्थान मिळाले.

२० डिसेंबर १८१२ रोजी पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात ८६ कथा होत्या. १८१५ च्या दुसऱ्या खंडात आणखी ७० कथांची भर पडली. आज या पुस्तकाची कीर्ती पाहिली म्हणजे वाटते की, लोकांनी ते तत्काळ डोक्यावर घेतले असेल. तसे घडले नाही. पुस्तकात चित्रे नव्हती. उलट जाडजूड टिपा होत्या. काही कथा क्रूर आहेत आणि मुलांच्या हाती देण्याजोग्या नाहीत, असा आक्षेप अनेकांनी घेतला. खुद्द आर्निम यांनाही तसेच वाटले.

या प्रश्नावर दोघा भावांचाही कल एक नव्हता. कथा जशी ऐकली तशीच द्यावी, तिच्यात आपल्या पदरचे काही घालू नये, याकडे याकोब यांचा ओढा होता. विल्हेल्म यांना कवीचे मन लाभले होते. तुटक वाक्ये जोडावीत, रुक्ष जागा सरस कराव्यात, मुलांना भय वाटेल ते सौम्य करावे, असे त्यांना वाटे. पुढील आवृत्त्यांचे काम मुख्यतः विल्हेल्म यांनी केले आणि कथांना ती गोड, नादमय भाषा प्राप्त झाली. पहिल्या आवृत्तीत मुलांना छळणारी सख्खी आई काही कथांत होती. तिच्या जागी नंतर सावत्र आई आली. कोणाचे म्हणणे बरोबर होते? अभ्यासकांत आजही यावर वाद चालतो. मूळ रूप हरवले याचे काहींना वाईट वाटते, तर विल्हेल्म यांच्या हाताविना या कथा जगभर पोहोचल्या नसत्या असे काही म्हणतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, मतभेद असूनही दोघांच्या प्रेमात तिळमात्र अंतर पडले नाही. एकाने दुसऱ्याला मोकळीक दिली आणि पुस्तकावर नाव दोघांचे राहिले.

१८२३ साली या कथांचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये सुंदर चित्रांसह निघाले आणि मुलांनी त्याचे स्वागत केले. ते पाहून १८२५ साली ग्रिम बंधूंनी निवडक ५० कथांची छोटी, सचित्र आवृत्ती काढली. तेव्हापासून या पुस्तकाचा घरोघर शिरकाव झाला. १८५७ च्या सातव्या आवृत्तीत २०० कथा आणि १० धार्मिक आख्यायिका होत्या.

कथा गोळा करणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, हे याकोब यांनी पुरते ओळखले होते. १८१४-१५ मध्ये ते वकिलातीचे चिटणीस म्हणून व्हिएन्ना येथे होते. युरोपातील राजेरजवाडे तेथे राज्यांच्या सीमा ठरविण्यात गुंतले होते. याकोब यांनी त्या गर्दीत समानधर्मी माणसे शोधून त्यांचे एक मंडळ स्थापन केले आणि १८१५ साली छापील पत्रक काढून ठिकठिकाणच्या जाणकारांना धाडले. आपापल्या भागातील गीते, कथा, म्हणी, खेळ आणि चालीरीती जशाच्या तशा लिहून कळवाव्यात, असे आवाहन त्यात होते. नव्या कथांची वार्ता एकमेकांस देत राहण्याचा हा प्रघात पुढे देशोदेशी पसरला.

याकोब यांची दुसरी मोठी कामगिरी भाषाशास्त्रातील आहे. तिचा आपल्याशीही जवळचा संबंध येतो. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांतील ठरावीक व्यंजने जर्मन कुळातील भाषांत ठरावीक रीतीने बदललेली आढळतात. संस्कृतातील ‘पितृ’ला इंग्रजीत ‘फादर’ म्हणतात आणि ‘पाद’ला ‘फूट’ म्हणतात. म्हणजे ‘प’च्या ठिकाणी ‘फ’ येतो. ‘त्रि’चे ‘थ्री’ आणि ‘दश’चे ‘टेन’ होते. डेन्मार्कचे पंडित रास्क यांनी १८१८ साली ही गोष्ट निदर्शनास आणली होती. याकोब यांनी १८२२ साली आपल्या व्याकरणग्रंथात तिची व्यवस्थित मांडणी केली. म्हणून ती ‘ग्रिमचा नियम’ या नावाने ओळखली जाते. आपली मराठी आणि दूरची जर्मन या एकाच मोठ्या भाषाकुळातील आहेत, हे सिद्ध होण्यास या नियमाने मोठे साहाय्य केले.

१८३० मध्ये दोघे भाऊ हानोव्हर राज्यातील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. त्या राज्यात १८३३ साली राज्यघटना अमलात आली होती आणि प्राध्यापकांनी तिच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. १८३७ साली एर्न्स्ट आउगुस्ट हा नवा राजा गादीवर बसला. त्याने राज्यघटना एका फर्मानासरशी रद्द केली. शेकडो लोकांना ते अन्याय्य वाटले, पण नोकरी जाण्याच्या भीतीने बहुतेक गप्प बसले. सात प्राध्यापकांनी मात्र १८ नोव्हेंबर १८३७ रोजी लेखी निषेध नोंदविला. घेतलेली शपथ राजाच्या लहरीप्रमाणे मोडता येत नाही; जो शिक्षक स्वतःच शब्द मोडतो, त्याने विद्यार्थ्यांना कोणत्या तोंडाने सत्य शिकवावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या सातांत ग्रिम बंधू दोघेही होते.

राजाने सातही जणांना पदच्युत केले. त्यांपैकी तिघांनी तीन दिवसांत राज्याबाहेर चालते व्हावे, असा हुकूम सुटला. त्या तिघांत याकोब होते. वय त्रेपन्नाच्या घरात, हातची नोकरी गेलेली, धाकटा भाऊ आजारी आणि त्याच्या पदरी बायकामुले. तरीही याकोब माघारी वळले नाहीत. डिसेंबरच्या थंडीत विद्यार्थी त्यांना निरोप देण्यासाठी राज्याच्या सीमेपर्यंत गेले. त्यानंतर त्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. तीही जर्मनीबाहेर, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापून घ्यावी लागली. पण देशातील असंख्य लोकांची मने या सातांनी जिंकली. वर्गण्या जमवून त्यांच्या चरितार्थाची सोय करण्यात आली.

संकटाच्या या काळातच त्यांच्या हातून नव्या कार्याचा आरंभ झाला. १८३८ साली काही प्रकाशकांनी त्यांना जर्मन भाषेचा बृहत्कोश तयार करण्याची विनंती केली. पोट भरण्यास काम हवे होते, पण त्यांनी ते केवळ पोटासाठी केले नाही. प्रत्येक शब्द कोठून आला, कोणत्या लेखकाने तो कोणत्या अर्थी वापरला, याचा संपूर्ण इतिहास देण्याचे त्यांनी ठरविले. दूरदूरचे अनेक विद्वान त्यांच्यासाठी ग्रंथ वाचून उतारे काढू लागले. आर्निम यांच्या पत्नी बेटिना यांनी प्रशियाच्या राजदरबारी या भावांसाठी खटपट केली. कथासंग्रहाचे पहिले पुस्तक ग्रिम बंधूंनी याच बेटिनांना व त्यांच्या लहान मुलाला अर्पण केले होते. १८४१ साली राजाच्या निमंत्रणावरून सारे कुटुंब बर्लिनला आले. याकोब जन्मभर अविवाहित राहिले. विल्हेल्म यांचा संसार तोच त्यांचा संसार होता.

बर्लिनमधील एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश पाडतो. १८४४ साली डेन्मार्कचे कथालेखक हान्स अँडरसन त्यांना भेटावयास आले. ग्रिम बंधूंनी जुन्या कथा जमविल्या, तर अँडरसन यांनी त्याच धाटणीच्या नव्या कथा आपल्या प्रतिभेने रचल्या. सारे जग आपल्याला ओळखते, मग ग्रिम तर ओळखतीलच, या विश्वासाने ते ओळखपत्र न घेताच आले होते. पण याकोब यांनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते! बिचारे अँडरसन ओशाळून परत गेले. काही आठवड्यांनी याकोब कोपनहेगनला गेले, तेव्हा ते प्रवासाच्या पोशाखातच अँडरसन यांच्या घरी पोहोचले. आता आपण त्यांना ओळखतो, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. एवढ्या मोठ्या विद्वानाला आपले अज्ञान कबूल करण्यात कमीपणा वाटला नाही. पुढे दोघांचा स्नेह जुळला.

१८४८ साली फ्रांकफुर्ट येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे याकोब सभासद झाले. जर्मन भूमीवर कोणीही गुलाम असू नये, असे कलम राज्यघटनेत घालावे अशी सूचना त्यांनी मांडली. पण ती थोड्या मतांनी नामंजूर झाली. त्यानंतर ते पुन्हा आपल्या शब्दांच्या जगात परतले. कोशाचा पहिला खंड १८५४ साली पूर्ण झाला. विल्हेल्म यांनी ‘डी’ या अक्षराचे काम हाती घेतले होते. ते संपवून १६ डिसेंबर १८५९ रोजी त्यांनी देह ठेवला. याकोब एकटे पडले, तरी त्यांनी काम सोडले नाही. २० सप्टेंबर १८६३ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी कोशाचे काम ‘फ्रुख्ट’ या शब्दापर्यंत आले होते. या शब्दाचा अर्थ ‘फळ’ असा आहे. बर्लिनच्या स्मशानभूमीत दोघा भावांना शेजारी शेजारी चिरविश्रांती मिळाली. पॅरिसहून लिहिलेला शब्द याकोब यांनी अखेरपर्यंत पाळला.

त्यांनी लावलेल्या वृक्षाचे फळ मात्र पुढील पिढ्यांनी पाहिले. कोशाचे काम एकामागून एक विद्वान करीत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, तरी दोन्ही भागांतील अभ्यासकांनी हे काम मिळून चालू ठेवले आणि १९६१ साली ते पूर्णत्वास नेले. आरंभापासून समाप्तीपर्यंत १२३ वर्षे लोटली होती.

कथांचे क्षेत्रही असेच विस्तारले. नॉर्वेत आस्ब्यर्नसेन आणि मू या दोन मित्रांनी, रशियात अफानास्येव्ह यांनी आपापल्या लोकांच्या कथा संग्रहित केल्या. आपल्या महाराष्ट्राशीही या प्रयत्नांचा धागा जुळतो. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांची कन्या मेरी फ्रियर हिने आपल्याकडील लोककथांचा इंग्रजी संग्रह १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्या कथा तिला आना लिबेराता डी सूझा या तिच्या आयेने सांगितल्या होत्या आणि आनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. कासेलच्या फीमानबाई आणि दख्खनची ही आना यांची कधी भेट होणे शक्य नव्हते. पण दोघींचे कार्य एकच होते. आजही देशोदेशीचे लेखक या जुन्या कथांच्या बीजांतून नव्या कथा, कादंबऱ्या व नाटके निर्माण करीत आहेत, कधी एकट्याने, तर कधी मित्रांच्या साहाय्याने.

शिंप्याच्या पत्नीचा शब्द असो, भावाला दिलेला शब्द असो की राज्यघटनेची शपथ असो, याकोब ग्रिम यांनी शब्दाचे मोल सारखेच मानले. ज्याला लोक क्षुल्लक समजत, ते आजीबाईंच्या तोंडचे धन त्यांनी आदराने उचलले आणि ज्याला लोक भीत, त्या राजासमोर ते नमले नाहीत. तुमच्याही घरी आजी-आजोबांच्या स्मरणात अशी एखादी गोष्ट असेल, जी अद्याप कोठेही छापली गेलेली नाही. ती लक्ष देऊन ऐका आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत वहीत उतरवून ठेवा. उतरवून झाल्यावर ती सांगणाऱ्याचे नाव वर लिहिण्यास विसरू नका.